पाठकोऱ्या कागदावरची पाच वर्षं

गळ्याशपथ सांगते, आणि पलीकडच्या गल्लीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. तिखटमीठ लावलेलं नाही, पदरचं घातलेलं नाही. ज्याला पटत नसेल त्याने आत्ताच उठावं, घोटभर पाणी प्यावं आणि दुसरीकडे जाऊन बसावं.

तर एक होती डबीवाली. तिचं खरं नाव तिच्या आईला आणि सरकारला ठाऊक. बेकरीवाले तिला डबीवाली म्हणायचे आणि तिनेही ते लावून घेतलं होतं. साबणाच्या डबीएवढी एक डबी ती बनवायची. मळलेलं पीठ ज्या पिंपात फुगत ठेवतात त्याच्या झाकणाला ती आतून बसवायची. पीठ किती चढलं, किती गरम झालं, हे डबीला कळायचं, आणि पीठ भट्टीजोगं झालं की डबी वाजायची. काम एवढंच. तोवर बेकरीवाल्याने पिंपाशी ताटकळत बसायचं नाही. ट्रे घासावेत, बायकोशी भांडून घ्यावं, नाहीतर सरळ आडवं व्हावं.

अशा एकेचाळीस डब्या एकेचाळीस बेकऱ्यांत वाजत होत्या. कंपनी म्हणजे किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली दिवसभर किल्ल्या घासल्याची किरकिर, वर फडताळात बरण्यांमधून आंबलेलं पीठ बुडबुडतंय. नवीन माणूस आला की आधी नाक मुरडायचा आणि मग विचारायचा, इथे दारू गाळतात का.

माणसं तीन. एक डबीवाली. दुसरा तिचा मावसभाऊ, डबीच्या पोटातलं सगळं तो बघायचा. तिसरी आत्या. आत्याने चाळीस वर्षं शाळेच्या कचेरीत काढली होती. इथे ती पार्सलं बांधायची, पत्रं पाठवायची आणि दोघांना वेळेवर जेवायला बसवायची. मावसभावाची ती नात्याने कुणीच लागत नव्हती, पण तोही तिला आत्याच म्हणायचा, कारण दुसरं काही म्हणून बघायची त्याची छाती नव्हती.

या तिघांत भांडण एकच, आणि ते दीड वर्षं पुरलं होतं. भांडण होतं पाच वर्षांच्या योजनेचं.

दर शुक्रवारी जेवणं झाली की तिघं योजना घेऊन बसत. कागदावर पाच रकाने. डबी पहिल्या वर्षी काय करील, दुसऱ्या वर्षी काय, असं पाचापर्यंत. पहिल्या रकान्यात सगळे हात आखडून लिहायचे. दुसऱ्यात हात जरा सैल व्हायचा. पाचव्यापर्यंत येईतो पोटं भरलेली, डोळे जड झालेले, आणि मग जो जे बोलेल ते लिहिलं जायचं. 'डबी बेकरीवाल्याशी चार शब्द बोलेल' असं पाचव्या वर्षात होतं. 'पीठ चोरणाऱ्याला डबी ओळखेल' असंही होतं, ते आत्याने घातलेलं. पुढच्या शुक्रवारी यातलं निम्मं खोडायचं, नवीन लिहायचं, पुन्हा छापायचं.

मावसभावाचं म्हणणं, ही योजना गिऱ्हाइकांना दाखवावी. आपली गाडी कुठे चालली आहे हे कळलं तर माणसं गाडीत बसून राहतात, मधल्या स्टेशनावर उतरत नाहीत. डबीवालीचं म्हणणं, मुळीच नाही. 'बहुतेक' आणि 'जमल्यास' हे दोन शब्द गिऱ्हाईक वाचतच नाही, त्यांच्यावरून उडी मारून पुढे जातं. आज डबी वाजते, आजचं बोलावं. उद्याचं तोंडातून काढू नये. ती कुणाला पुढच्या महिन्याचंसुद्धा सांगायची नाही. एका बेकरीवाल्याने नुसतं विचारलं होतं की डबी दुसऱ्या रंगात कधी येणार, तर तिने हवापाण्याच्या गप्पा सुरू केल्या.

आत्याने या भांडणात कुणाचीच बाजू घेतली नाही. तिची तक्रार वेगळी होती. दर शुक्रवारी चार चार प्रती छापता, एका बाजूला छापता, आणि सोमवारी टोपलीत टाकता. शाळेत तिने पोरांच्या उरलेल्या वह्यांची कोरी पानं शिवून नवीन वह्या केल्या होत्या. पाठकोरा कागद टाकणं म्हणजे तिच्या लेखी दिवसाढवळ्या केलेली चोरी. म्हणून ती टोपलीतले कागद काढायची, हाताने इस्त्री केल्यासारखे सरळ करायची आणि आपल्या खणात रचायची. त्यातल्या बहुतेकांच्या पाठीवर ती बाजाराच्या याद्या लिहायची, तरी दीड वर्षात खण गच्च भरला होता.

मग मावसभावाने डबीचा आवाज बदलला. आधीचा आवाज दुधाच्या गाडीसारखा होता, त्यामुळे एका बेकरीत रोज कुणीतरी पातेलं घेऊन बाहेर धावायचं. नवीन आवाज कसा चालू करायचा याचं एक पानी पत्रक एकेचाळीस जणांना पाठवायचं ठरलं. डबीवालीने मजकूर दिला, आत्याने छापला, घड्या घातल्या, पाकिटं बंद केली, टपालात टाकली.

खण रिकामा झाला म्हणून तिला दोन दिवस फार हलकं वाटत होतं.

पहिला फोन बिस्किटवालीचा. ही बाई बेकरीपेक्षा मोठ्या आवाजाची. नवीन आवाजाबद्दल ती काही बोलली नाही. तिने विचारलं, दुसऱ्या वर्षी डबी तीन वेगवेगळे आवाज काढणार असं लिहिलंय, मला दोनच पुरेत, तर तिसऱ्याच्या बदल्यात काय मिळेल. डबीवालीला वाटलं चुकीचा नंबर. मग बिस्किटवालीने कागद वाचून दाखवायला सुरुवात केली, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत येईस्तोवर डबीवालीच्या तोंडचं पाणी पळालं.

तिने आत्याला विचारलं, पत्रकं कसल्या कागदावर छापलीस. आत्या म्हणाली, चांगल्या. मग म्हणाली, पाठकोऱ्या. मग म्हणाली, तुम्हीच टाकलेल्या. तिचा चेहरा असा, की जणू तिला कुणी वेळ विचारली आहे.

आता यातली खरी मेख ऐका. सगळ्यांच्या पाठीवर एकच योजना गेली असती तर एक वेळ निभावलं असतं. पण खणात दीड वर्षाच्या सगळ्या शुक्रवारांचे कागद. एकेचाळीस बेकऱ्यांना एकेचाळीस वेगवेगळ्या योजना गेल्या. कुणाला गेल्या वर्षीचा मे, कुणाला या वर्षीचा जानेवारी. कुणाची डबी चौथ्या वर्षी बोलणार होती, कुणाची मुकीच राहणार होती.

हे बेकरीवाले मैदा घ्यायला एकाच गोदामात जातात. मंगळवारी तिथे दोघांनी आपापले कागद खिशातून काढले आणि तुला हे कसं काय मिळालं, मला का नाही, असं सुरू झालं. बुधवारी तिथे वीस जण होते. गुरुवारी अदलाबदल चालू झाली. एक पाचवं वर्ष द्या, दोन दुसरी वर्षं घ्या. म्हाताऱ्यांना जवळची वर्षं हवी होती, तरण्यांना लांबची. गोदामवाल्याने पोत्यांच्या मागे त्यासाठी एक बाक टाकून दिला.

दोघे भाऊ होते, वर्षभर एकमेकांशी न बोलता एकाच बेकरीत दोन टोकांना उभे राहायचे. त्यांची वाटणी अडली होती ती कागद आल्यावर सुटली. थोरल्याने पहिली अडीच वर्षं घेतली, धाकट्याने उरलेली अडीच. कागद बरोबर मधून कात्रीने कापला आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. आणखी एकाच्या कागदावर 'डबी भिंतीतून भट्टीला जोडता येईल' असं होतं. त्याने गवंडी बोलावून भिंतीला हातभर भोक पाडूनही ठेवलं, म्हणजे आयत्या वेळी धावपळ नको. एका बाईने फोन करून सांगितलं की डबी बोलायला लागेल ते ठीक आहे, पण सकाळी दहाच्या आत बोलायचं नाही, तेवढं आत्ताच लिहून घ्या.

मावसभावाच्या पायांना जमीन लागेना. एकाने तरी डबी परत केली का, असं तो तासातासाला विचारायचा. उलट तीन नवीन बेकऱ्यांनी मागणी नोंदवली होती. डबीवाली म्हणाली, ते डबी मागत नाहीयेत, कागद मागताहेत. तो म्हणाला, मग कागद देऊ. आत्या म्हणाली, कागद संपले.

शुक्रवारची बैठक त्या आठवड्यात गुरुवारीच बसली, आणि मध्येच फोन वाजला. फोन भट्टीवाल्या काकांच्या मुलीचा होता.

काका म्हणजे पहिलं गिऱ्हाईक. डबी जेव्हा डबी नव्हती, तारांचं एक भेंडोळं होतं, तेव्हा त्यांनी ते आपल्या पिंपात घालू दिलं होतं. सहा वेळा पीठ वाया गेलं, सहाही वेळा ते म्हणाले, पुन्हा घाल. त्यांच्या शब्दावर पुढच्या दहा बेकऱ्या मिळाल्या होत्या. डबीवाली दुसऱ्या कुणाला घाबरत नसे, काकांना मात्र नाराज करायला घाबरायची.

मुलगी हळू बोलत होती. बाबांचा उजवा हात कानाच्या वर जात नाही, डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच थांबायला सांगितलं आहे. शेजारच्या चपलांच्या दुकानवाल्याला बेकरीची जागा हवी आहे आणि बाबा अखेर कबूल झाले होते. माझ्या घरी त्यांची खोली रंगवून तयार आहे. आणि परवा बाबांनी त्याला नाही म्हणून सांगितलं. का, तर तुमचा कागद. चौथ्या वर्षी डबी स्वतःच भट्टी पेटवील, असं त्यावर आहे. बाबा म्हणतात, तीन वर्षं डाव्या हाताने ढकलतो, मग डबी आहेच. चपलावाला शनिवारपर्यंत थांबणार आहे, त्यानंतर तो दुसरी जागा घेईल.

"मला बाकी काही नको," मुलगी म्हणाली. "चौथ्या वर्षी डबी भट्टी पेटवणार आहे की नाही, एवढंच सांगा."

डबीवालीने मावसभावाकडे बघितलं. मावसभावाने छताकडे बघितलं. भट्टी पेटवायचा प्रयोग त्याने केला होता, चैत्रात नव्हे, आषाढात नव्हे, बरोबर दोन महिन्यांपूर्वी. डबीने भट्टी पेटवली होती, पण त्याने वाकून बघायच्या आधी नव्हे, तर वाकल्यावर. त्याच्या भुवया आता कुठे परत येत होत्या. त्या आठवड्याच्या शुक्रवारी ती ओळ योजनेतून खोडली होती आणि कागद टोपलीत गेला होता.

डबीवालीने मुलीला सांगितलं की मी स्वतः येऊन काकांशी बोलते.

फोन ठेवल्यावर मावसभावाने एक तोडगा काढला. आमचे प्रयत्न चालू आहेत, असं सांग. यात खोटं काही नाही, चार वर्षांत काय वाटेल ते होऊ शकतं. डबीवालीने विचारलं, चालू आहेत का प्रयत्न. तो म्हणाला, चालू करता येतील. आणि मग जे बोलायला नको होतं ते तो बोलला. काकांनी बेकरी बंद केली की त्यांच्या शब्दावर आलेले दहा विचारायला लागतील. आणि मोठा गुंतवणूकवाला पुढच्या महिन्यात येतोय, तो आधी विचारणार की पहिलं गिऱ्हाईक अजून आहे का.

हे डबीवालीला माहीत होतं. रात्रभर पुरेल एवढं माहीत होतं. रात्र त्यातच गेली, आणि शुक्रवारी दुपारी दुसरा घाणा उतरायच्या वेळेला ती बेकरीत जाऊन उभी राहिली.

काका लाकडी फळीने टेबल खरवडत होते, डाव्या हाताने. उजवा हात पोटाशी धरलेला, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे आणि जरा वेळ सांभाळायला दिला आहे. भट्टीच्या लोखंडी दाराशेजारी भिंतीवर, वाफ लागणार नाही अशा बेताने, तो कागद चिकटवलेला. नवीन आवाज कसा चालू करायचा ती बाजू भिंतीकडे. नवीन आवाज काकांनी चालू केलाच नव्हता.

"ये," काका म्हणाले. "पाव गरम आहे, पण घाई करू नकोस, तोंड भाजेल."

तिने पाव हातात घेतला आणि सांगून टाकलं. भट्टीची ओळ खोडलेली आहे. चौथ्या वर्षी नाही, पाचव्या वर्षी नाही. डबी भट्टी पेटवणार नाही. कागद चुकून आला.

काका खरवडत राहिले. टेबलाचा तो कोपरा स्वच्छ झाला, तरी खरवडत राहिले. मग त्यांनी कागद काढला, कानावरची पेन्सिल डाव्या हाताने घेतली आणि ती ओळ खोडली. खोडल्यावर कागद टेबलावर ठेवून वरून सुरुवात केली.

"तीन आवाज?"

"होणार. दोन महिन्यांत."

"पीठ जास्त आंबलं तर आधी सांगेल?"

"हो. वर्षाच्या आत."

"मैद्याची जात ओळखेल?"

"प्रयत्न चालू आहेत."

काकांनी मान वर केली. "चालू आहेत म्हणजे?"

"म्हणजे माहीत नाही, काका."

त्यांनी ती ओळ खोडली. एकोणीस ओळी होत्या. डबीवालीने उरलेल्यांची उत्तरंही तशीच दिली, आणि मध्ये दोनदा तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं की ही ओळ आपण कुठल्या तोंडाने लिहिली होती. चोर ओळखण्याच्या ओळीवर काकांनी काही विचारलंच नाही, नुसतं तिच्याकडे बघून पेन्सिल फिरवली. शेवटी तीन ओळी उरल्या.

"एवढं मला आधी सांगायला काय झालं होतं?" काका म्हणाले.

"आधी तर मी कुणाला काहीच सांगत नव्हते."

"तेच म्हणतोय मी. तीन वर्षं तू काही बोलली नाहीस. पुढचं विचारलं की हवापाणी. मग एक दिवस कागद आला. मला वाटलं, जी पोरगी तोंडातून शब्द काढत नाही तिने लिहून पाठवलंय, म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दुसऱ्या कुणी पाठवला असता तर मी त्यावर पाव गुंडाळले असते."

 दीड वर्षाच्या भांडणात हा मुद्दा कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. गप्प राहून राहून तिच्या शब्दाला इतकं वजन आलं होतं की टोपलीतला कागदसुद्धा जड झाला होता. तिने पावाचा तुकडा तोडला. तोंड भाजलं.

काकांनी भट्टीचं दार एकदा डाव्या हाताने वर ढकलून बघितलं. दार अर्ध्यावर गेलं आणि तिथेच राहिलं. डबीवाली मदतीला पुढे झाली तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. मग दार आपलं आपण खाली आलं. काकांनी हात फडक्याला पुसले आणि चपलावाल्याला हाक मारायला ते स्वतः शेजारी गेले. दोन मिनिटांत परत आले.

"तीन ओळींसाठी हा खांदा अजून झिजवायचा नाही," एवढंच म्हणाले.

मुलीने संध्याकाळी फोन केला, आभार मानले, आणि मग पुढची पंधरा मिनिटं ती डबीवालीला रागे भरली. दोन्ही गोष्टी तिने सारख्याच शांतपणे केल्या.

उरलेल्या चाळिसांना डबीवालीने पत्र पाठवलं. त्यात तीन ओळी, प्रत्येकीपुढे महिना, आणि खाली एक वाक्य: यापुढचं आम्हालाही माहीत नाही, कळलं की कळवू, तोवर आधीचे कागद धरून बसू नये. मावसभावाने विचारलं, याला आता दाखवणं म्हणायचं की लपवणं. आत्या म्हणाली, याला अर्धं पान म्हणायचं, आणि तिने एका पानात दोन पत्रं बसवली. कोऱ्या कागदावर, दोन्ही बाजूंनी तपासून.

सगळ्यांनी मानलं असं नाही. नवीन तीन बेकऱ्यांपैकी दोघी परत फिरल्या. एकाने कळवलं की तुमचं नवीन पत्र मिळालं, पण मला जुनंच जास्त आवडलं आहे, मी तेच धरून चालेन. बिस्किटवाली म्हणाली, तीन आवाज नको म्हणून मी आधीच सांगितलं होतं, आता निदान त्याबद्दल तरी बोला. वाटणी केलेले भाऊ पुन्हा अडले, कारण तिन्ही ओळी थोरल्याच्या अर्ध्यात आल्या. गुंतवणूकवाला आला, त्याने पहिलं गिऱ्हाईक आहे का विचारलं, डबीवालीने नाही म्हणून सांगितलं आणि का नाही तेही सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, बरण्यांचा वास घेतला, आणि विचार करून कळवतो म्हणाला. अजून करतोय.

चपलावाल्याला होकार दिल्यावर पुढच्या शनिवारी काकांनी बेकरी रिकामी केली. ट्रे गेले, टेबल गेलं, पिंपं गेली. डबीवाली शेवटपर्यंत तिथे होती. सगळ्यात शेवटी काकांनी झाकणाची डबी सोडवली, फडक्याने पुसली, तिच्या हातात ठेवली, आणि मागे न बघता मुलीच्या गाडीत जाऊन बसले.

हे शेवटचं मात्र मी घातलं. डबी काही त्यांनी परत दिली नाही. इतकं ऐकून झाल्यावर माणसाला बरं वाटेल असं काहीतरी हवं, म्हणून देववली. खरी गोष्ट अशी, की डबी त्यांनी खिशात घातली आणि डबीवालीला विचारलंसुद्धा नाही. आता रोज सकाळी ते मुलीच्या स्वयंपाकघरात मूठभर पीठ मळतात, पातेल्यावर झाकण ठेवतात आणि त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसतात. साडेसहाला डबी वाजते. मुलगी म्हणते, ही बंद करता येत नाही का. डबीवालीने ती तक्रार लिहून घेतली आहे, पण कुठल्या वर्षात घालायची ते तिने अजून कुणालाही सांगितलेलं नाही.